लॉनचा मुहूर्त

तुळशीचं लग्न लागलं की खानदेशात माणसांच्या लग्नांची लगबग सुरू होते. पिंपळनेर, साक्री, धुळे, कुठेही जा. गावाबाहेरच्या रस्त्याला एखादं तरी ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ दिसतंच. आत स्टेज, एका बाजूला पंगतीची शेड आणि मधोमध ऐसपैस गवत. हंगामातली पहिली चार लग्नं पार पडेपर्यंत गवत बरं दिसतं. मग खुर्च्यांचे पाय, उंच टाचांच्या चपला, डीजेच्या गाडीची चाकं आणि दोन-दोन दिवस सतरंजीखाली कोंडलेली जागा यांनी त्याला जागोजाग टक्कल पडतं. मालक डिसेंबरात बियाण्याची पाकिटं आणतो, टकलावर बी फेकतो, वरून युरिया टाकतो आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो. महिना जातो, टक्कल तसंच राहतं.

मग बी खराब होतं, दुकानदारानं गंडवलं, असा निकाल लागतो. बहुतेक वेळा बी चांगलंच असतं. ज्या मातीत ते पडलं ती माती गार असते, आणि त्या गारठ्यात उगवणं त्या गवताच्या स्वभावातच नसतं.

‘आमच्याकडे डिसेंबरात दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस अंश असतात, गारठा कसला?’ असं कुणीही विचारेल. पण तो आकडा हवेचा. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत असतो. गवताचं बी मातीत अर्ध्या सेंटिमीटरवर असतं आणि मुळं पहिल्या वीतभर थरात. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातलं किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतं. थंडीची लाट आली की ते पाच-सहा अंशांवर उतरतं. पश्चिमेचे डोंगर जवळ असलेल्या पिंपळनेर भागातही पांझरेच्या काठानं पहाटे गारठा चांगलाच असतो. अशा दिवसांत उघड्या मातीचा वरचा पापुद्रा पहाटे दहा अंशांच्या आसपास आणि दुपारी तिशीपार असं झोके घेतो. दिवस-रात्रीची सरासरी काढली तर ती वीसच्या आसपास रेंगाळते, आणि बी त्या सरासरीचाही हिशेब ठेवतं.

आपल्याकडच्या लॉनचं गवत म्हणजे मुख्यतः हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं तेही हरळीचंच निवडलेलं रूप. हौशी बंगल्यांत दिसणारं मऊ, उंचसखल गादीसारखं ‘मेक्सिकन’ गवत निराळं, पण तेही उष्ण हवेचंच. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि हरळी या एका गोतातल्या वनस्पती. उन्हातून अन्न तयार करण्याची त्यांची रीत अशी, की तापमान तिशीत गेलं तरी त्यांचं काम जोरात चालतं आणि पाणीही कमी खर्च होतं. गहू, भात आणि युरोप-अमेरिकेच्या थंड भागातली लॉनची गवतं दुसऱ्या गोतातली. त्यातल्या लॉनच्या गवतांची मुळं दहा ते अठरा अंशांच्या मातीत खुशीत वाढतात. हरळीच्या मुळांना चोवीस ते एकोणतीस अंशांची माती हवी असते. माती पंधराच्या खाली गेली की हरळीची वाढ जवळपास थांबते आणि दहाच्या खाली ती पिवळी पडून झोपी जाते.

बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांची रीत पाहिली तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. हरळीच्या बियांची उगवण मोजताना ती एकाच तापमानात ठेवत नाहीत. दिवसातले सोळा तास वीस अंश आणि आठ तास पस्तीस अंश, सोबत उजेड, आणि शेवटची मोजणी एकविसाव्या दिवशी. म्हणजे या बियाला नुसती ऊब पुरत नाही, उबेचा चढउतार आणि उजेडही हवा. रात्रीचं तापमान वीसच्या खाली घसरू नये आणि दुपारी तिशी ओलांडावी. खानदेशात ओल्या मातीत असं कधी असतं? आषाढ-श्रावणात. डिसेंबरात नाही.

यातली गंमत शेतकऱ्याला लगेच कळेल. ज्या हरळीला मंगल कार्यालयाचा मालक खतपाणी घालतो, तिच्याच काशा वेचण्यात शेजारच्या शेतकऱ्याचा अर्धा उन्हाळा जातो. पिंपळनेरचं नाव गवताशी पूर्वीही जोडलेलं होतं. १८८०च्या खानदेश गॅझेटिअरच्या काळात पिंपळनेर हा तालुका होता आणि या पट्ट्यातल्या रानांत रोशा गवत उदंड माजे. त्याच्या भट्ट्या लागत आणि सुगंधी रोशेल तेल निघे. तेव्हाचं गवत पैसा देई. आताचं खातं, असं एखादा लॉनवाला म्हणेलही.

इंटरनेटवर लॉनविषयी वाचायला गेलं तर मातीचं तापमान हा शब्द सतत भेटतो, पण तो सल्ला बहुतेक अमेरिकेतला असतो. तिकडे उत्तरेकडच्या राज्यांत वसंतात माती तेरा अंशांच्या आसपास पोचली की क्रॅबग्रास नावाचं तण उगवायला लागतं. त्याआधी तणनाशक मारायचं, नाहीतर वर्ष गेलं. फॉर्सिथियाची पिवळी फुलं गळू लागणं ही त्याची खूण. थंड हवेच्या गवताचं बी शरदात टाकायचं, कारण तेव्हा मातीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते आणि हवा गार होत जाते. हे सगळं तिथे खरं आहे. पण आपल्या वीतभर मातीचं रोजचं सरासरी तापमान वर्षभरात तेरापर्यंत उतरतच नाही. म्हणून ते वेळापत्रक इथे लावलं तर जे नको ते नको त्या महिन्यात होतं. तिथला माणूस माती कधी तापेल याची वाट पाहतो. खानदेशातल्या माणसानं ती कधी निवेल हे पाहायला हवं. तत्त्व मात्र उचलण्यासारखं आहे: तारीख पाहू नका, माती पाहा.

माती तापते कशी, हे थोडं समजून घेऊ. उन्हाची उष्णता वरच्या थरात शिरते आणि तिथून हळूहळू खाली झिरपते. रात्री उलटा प्रवास होतो. या चढउतारांची लाट खाली जाता जाता विरत जाते. साधारण दर दहा-बारा सेंटिमीटरला ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. पृष्ठभागावर दिवसभरात तीस अंशांचा फरक पडत असेल तर दहा सेंटिमीटरवर तो दहा-अकरा अंशांचा आणि हातभर खोलीवर दिवस आहे की रात्र हेही कळत नाही. शिवाय लाट उशिरा पोचते. वर दुपारी एकला कळस झाला तर दहा सेंटिमीटरवर तो पाच वाजता होतो. वर्षाच्या लाटेचं असंच, फक्त ती एकोणीस पट खोल जाते, कारण ३६५चं वर्गमूळ एकोणीसच्या जवळपास येतं. दोन मीटरवर मे महिन्याची धग पोचेपर्यंत जुलै उजाडतो. दहा मीटरच्या खाली तर ऋतूच उरत नाही, वर्षाची सरासरी तेवढी राहते. जुन्या विहिरीचं पाणी पौषात कोमट आणि वैशाखात गार लागतं, त्याचं कारण हेच. पाणी बदलत नाही, आपली कातडी बदलते. थंडीच्या लाटेत जळगावकडचे केळीवाले बागेला रात्री किंवा पहाटे विहिरीचं पाणी देतात, ते याच सरासरीची ऊब वर आणून.

आपल्या काळ्या मातीचं प्रकरण आणखी निराळं आहे. रंग काळा म्हणून ती ऊन परत फेकत नाही, पिऊन टाकते. कोरडी झाली की भेगाळते, वरचा थर भुसभुशीत होतो, त्यात हवा भरते आणि हवा उष्णता खाली जाऊ देत नाही. मग सगळी धग वरच्या दोन बोटांत कोंडते. उन्हाळ्यात भर दुपारी कोरड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हवा चव्वेचाळीसवर असते. अनवाणी चालून पाहिलेल्या कुणालाही याचा पुरावा लागणार नाही.

या विषयातलं मोलाचं मूळ काम महाराष्ट्रातच झालं आहे, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. हवामान खात्याची कृषी हवामानशास्त्राची शाखा १९३२मध्ये पुण्यात सुरू झाली आणि तिची धुरा एल. ए. रामदास यांच्याकडे आली. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे शिष्य. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या काळ्या मातीत वेगवेगळ्या खोलीवर तापमापक पुरून वर्षानुवर्षं नोंदी केल्या. त्यांचा एक प्रयोग अगदी साधा होता. काळ्या मातीच्या एका तुकड्यावर त्यांनी खडूच्या पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला आणि शेजारचा तुकडा तसाच ठेवला. पांढऱ्या तुकड्याचं दुपारचं तापमान पुष्कळ खाली आलं आणि फरक खालच्या थरांतही जाणवला. रंग बदलला की माती बदलते, हे इतक्या स्वस्तात सिद्ध झालं. रामदास यांचा दुसरा शोध तर जगानं बराच काळ मानलाच नाही. निरभ्र, वाऱ्याविना रात्री सगळ्यांत गार जागा उघड्या जमिनीचा पृष्ठभाग नसून त्याच्या वर काही सेंटिमीटरांवरची हवा असते, असं त्यांनी १९३२मध्ये दाखवलं. मोजण्यात चूक असेल, असं बरेच जण म्हणत राहिले. त्याचं समाधानकारक स्पष्टीकरण रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूहून दिलं, ते १९९०च्या दशकात. त्या थराला आज जगभर ‘रामदास थर’ म्हणतात.

कृषी वेधशाळांत आजही मातीचं तापमान पाच, दहा आणि वीस सेंटिमीटरवर, सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता घेतलं जातं. वाकड्या मानेचे काचेचे तापमापक त्यासाठी जमिनीत पुरलेले असतात. या वेळांमागे हिशेब आहे. सातच्या सुमारास वरचा थर सगळ्यांत गार आणि दोननंतर थोड्याच वेळात सगळ्यांत गरम असतो, त्यामुळे पाच सेंटिमीटरवरच्या या दोन आकड्यांची सरासरी दिवसाच्या सरासरीच्या जवळ येते. लॉनवाल्याला एवढ्या सरंजामाची गरज नाही. स्वयंपाकघरात वापरतात तसा सळईचा डिजिटल तापमापक काहीशे रुपयांत मिळतो. खिळ्यानं पाच सेंटिमीटरचं भोक पाडायचं, सळई घालायची, मिनिटभर थांबायचं. उन्हातली एक जागा, झाडाखालची एक, आणि टक्कल पडलेली एक. सलग चार-पाच दिवस मोजायचं, कारण एका ढगाळ दुपारवरून काहीच ठरत नाही. नुकतं पाणी दिलेल्या जागी मोजलं तर पाण्याचं तापमान कळेल, मातीचं नाही.

आता खानदेशच्या मातीचं वर्ष पाहू.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास जमीन सगळ्यांत तापलेली असते. सालदाराचं जुनं साल संपून नवं सुरू होतं, शेतं नांगरून उघडी पडलेली असतात. नांगरटीनं वर आलेल्या हरळी-कुंद्याच्या काशा उन्हात काही दिवसांत वाळून मरतात. मातीची उष्णता हेच इथलं सगळ्यांत जुनं आणि फुकटचं तणनाशक. लॉन नव्यानं करायचं असेल तर हाच महिना कामाचा. जमीन खणून, ढेकळं फोडून, सपाट करून भरपूर भिजवायची आणि तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत गाडायच्या. चार ते सहा आठवड्यांत वरच्या थराचं तापमान रोज दुपारी पन्नासच्या आसपास जाऊन तणांचं बी आणि रोगाच्या बुरश्या बऱ्याचशा मरतात. याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये १९७६मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. आपल्याकडे कांद्याच्या रोपवाटिकेसाठी कृषी शास्त्रज्ञ तिची शिफारस करतात. इथे काळं प्लॅस्टिक वापरण्याची चूक बरेच जण करतात. काळा कागद ऊन स्वतः शोषतो आणि स्वतः तापतो. पारदर्शक कागद ऊन मातीपर्यंत जाऊ देतो आणि वाफ अडवून धरतो. ओल हवीच, कारण ओली माती उष्णता खाली नेते आणि ओलसर बी कोरड्या बियापेक्षा लवकर मरतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातूनही वाचतात. तिथे खुरपं घेऊन बसण्याला पर्याय नाही.

रोहिणीचा एखादा वळीव पडला की सगळ्यांना घाई होते. आभाळ भरलेलं, मातीला वास सुटलेला, मग बी का टाकू नये? कारण हिशेब जुळत नाही. एक लिटर पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाच-सहा पट त्याची वाफ करायला लागते. म्हणून पावसानंतर जमिनीतून वाफ होत असते तोवर ऊन माती तापवत नाही, पाणी उडवण्यात खर्च होतं. दहा-पंधरा मिलिमीटरचा वळीव दोन-तीन दिवसांत उडून जातो आणि माती पुन्हा चाळिशीपार पोचते. तेवढ्या ओलीवर फुगलेलं बी अर्ध्यात भाजून निघतं. कोरडं बी ही धग सोसतं, म्हणून कापसाची धूळपेरणी कधी कधी साधते. भिजून फुगलेल्या बियाला परतीची वाट नसते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं, त्याच्या पोटात ओलीइतकीच मातीच्या तापमानाची गोष्ट आहे. दुबार पेरणीचं दुखणं पुष्कळदा इथूनच सुरू होतं.

मृगात पाऊस लागला आणि जमिनीला वाफसा आला, की सकाळी सातचा आकडा चोवीस-पंचवीस आणि दुपारी दोनचा तिशीच्या थोडा पुढे, असं सलग चार दिवस दिसतं का ते पाहावं. दिसलं की बी टाकावं. हरळीचं बी फार बारीक, किलोत चाळीस लाखांच्या आसपास दाणे. गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो पुरे. बारीक वाळूत मिसळून उभं-आडवं फेकायचं आणि दाताळ्यानं हलकं ओढायचं. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेलं बी उजेडाविना अडकतं. जोरदार पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबावं, नाहीतर सगळं बी उताराच्या कोपऱ्यात गोळा होतं. एवढ्या उबेत आठवड्या-दीड आठवड्यात हिरवी लव दिसायला लागते. सिलेक्शन वन किंवा मेक्सिकन लावायचं असेल तर बी नसतंच, मुळ्यांसकट काड्या टोचायच्या किंवा तयार गालिचा अंथरायचा. त्यांनाही हाच काळ मानवतो. मालक गालिचा बहुधा फेब्रुवारीत, लग्नाच्या आदल्या आठवड्यात अंथरतो. तो हिरवा दिसतो, पण गार मातीत मुळं खाली जात नाहीत आणि लग्नानंतर कोपरा धरून उचलला तर सतरंजीसारखा उचलला जातो.

आणि इथे पंचांग लॉनवाल्याच्या मदतीला येतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास, लग्नं नाहीत. हल्ली आपत्कालीन मुहूर्त छापून येतात, पण कार्यालयाचं अंगण तरीही बहुतेक रिकामं असतं. नेमक्या याच चार महिन्यांत खानदेशातली माती पंचवीस ते तीस अंशांत स्थिर असते, ओल असते आणि हरळी सगळ्यांत जोरात धावते. दुरुस्तीसाठी याहून चांगला काळ वर्षात दुसरा नाही. तरीही बहुतेक लॉन्सवर या काळात कुलूप असतं, माळी शेतावर गेलेला असतो आणि गवत गुडघ्याएवढं वाढतं. मग दिवाळीनंतर ते एकदम जमिनीलगत कापतात. हरळीचं हिरवं पान वरच्या भागात असतं. गुडघ्याएवढी वाढलेली हरळी एकदम कापली की खाली पिवळ्या काड्या उरतात. त्या पुन्हा हिरव्या व्हायला मातीची ऊब लागते, आणि ती तोवर उतरू लागलेली असते. चातुर्मासात आठवड्याला कापणी, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, आणि महिन्याला गुंठ्यामागे किलोभर युरिया दोन हप्त्यांत. एवढं केलं तर कार्तिकात जमीन इतकी दाट विणलेली असते की खुर्च्यांचे पाय तिला सहज इजा करत नाहीत. टणक झालेल्या जागी काटेरी रूळ किंवा काट्याचं फावडं मारून भोकं पाडायची तीही याच दिवसांत, कारण भोकं बुजवायला मुळं धावत असावी लागतात.

शेवटची खतमात्रा कधी? तारीख मी सांगणार नाही. दहा सेंटिमीटरवर सकाळचा आकडा वीसच्या खाली आला की नत्र थांबवायचं. पिंपळनेरच्या बाजूला हे बहुधा नोव्हेंबरात होतं. गार मातीत मुळं नत्र फारसं उचलत नाहीत. दिलेला युरिया पाण्याबरोबर खाली जातो आणि पुढेमागे कुणाच्या तरी विहिरीत उतरतो. हिवाळ्यात हरळीला पाणीही कमी लागतं. ते सकाळी ऊन तापल्यावर द्यावं. संध्याकाळी टाकीतलं गार पाणी मारलं तर मातीत दिवसभर साठलेली ऊब आपणच काढून घेतो. पान पिवळसर झालं तरी मूळ मेलेलं नसतं. आपल्या मातीत हरळी पुरती झोपत नाही, डुलक्या काढते. तिला युरियाच्या हाका मारण्यात अर्थ नाही.

डिसेंबरात हिरवं दिसलंच पाहिजे असा हट्ट असेल तर एक मार्ग आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडे आणि आपल्या उत्तर भारतातल्या काही गोल्फ मैदानांवर हिवाळ्यात हरळीवर रायग्रास पेरतात. माती बावीसच्या आसपास उतरली की ते बी आठवड्यात उगवतं आणि दोन-अडीच महिने पोपटी हिरवं दिसतं. खानदेशात मार्चच्या उन्हात ते मरतं, आणि तोवर हरळीच्या वाट्याचं ऊन-पाणी खाऊन तिला अशक्त करून ठेवतं. माझ्या मते आपल्याकडे हा खर्च व्यर्थ आहे. स्टेजसमोर गालिचा घाला, फोटोत चांगलं दिसतं.

ज्यांना लॉनशी देणंघेणं नाही, त्यांच्याही हाती हा तापमापक उपयोगी पडतो. उन्हाळी भुईमुगाला पेरताना मातीचं तापमान किमान अठरा अंश लागतं; म्हणून पेरणी मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारी अशी सांगितली जाते. एखाद्या वर्षी संक्रांतीनंतरही थंडी रेंगाळली तर तारीख पाळून पेरलेलं बी कुजतं आणि दहा दिवस थांबलेल्याचं तरारून येतं. सात मायक्रॉनच्या पारदर्शक प्लॅस्टिकखाली गादीवाफ्यावर भुईमूग घेतात, त्यामागे मातीला चार-पाच अंश जास्त ऊब मिळवण्याचाच हेतू आहे. गव्हाची उगवण वीस-बावीस अंशांच्या मातीत उत्तम होते, ती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मिळते. हरभरा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच, माती तापलेली असताना पेरला तर मर रोगाची बुरशी अधिक माजते. पिंपळनेर भागात कांद्याची रोपं घरोघरी टाकतात. वाफ्यावर बी टाकण्याआधी चार दिवस सळई खुपसून पाहणं हा बिनखर्चाचा विमा आहे, आणि कांद्याच्या बियाचा भाव पाहता तो घ्यावा.

लॉनच्या बाबतीत मात्र तापमानानंतर पाण्याचा हिशेब येतोच, आणि तो कडू आहे. मे महिन्यात हिरव्या हरळीतून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी उडतं. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे शंभर लिटर. एकराचं लॉन असेल तर रोज अठ्ठावीस हजार लिटरपर्यंत पाणी, म्हणजे दहा हजारी टँकरच्या जवळपास तीन खेपा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात, तिथे हे परवडतही नाही आणि शोभतही नाही. सुदैवानं हरळीची ती गरजही नाही. पाणी कमी केलं तर ती वरून करपते, पण तिच्या काशा खालच्या थरात, जिथे धग निम्म्यावर आलेली असते तिथे, मृगाची वाट पाहत जिवंत राहतात. उन्हाळ्यात तिला आठवड्याला एकदा खोल भिजवणं जगण्यापुरतं पुरतं.

म्हणून ‘लॉन्स’ची पाटी लावणाऱ्यांना एवढंच सुचवायचं आहे: गवत दहा-पंधरा गुंठ्यांवर आणा, उरलेल्या जागेत मुरूम दाबा किंवा कडुनिंब लावा, डिसेंबरात बियाण्यावर जाणारे पैसे वाचवा आणि येत्या आषाढी एकादशीला माळ्याला सुट्टी देऊ नका.